उजवीकडची मंडळी

सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आमच्याच घरी झालं. जमलेल्या सव्वीस माणसांचा मी फोटो काढला, आणि घरात अबोला आला. एवढी माणसं आमच्या दिवाणखान्यात मावतात ती फक्त २४ मिलिमीटरच्या वाइड अँगल लेन्समध्ये. फोटोत डावीकडे माझे भाऊबंद मिशीच्या केसासकट स्वच्छ; उजवीकडे हिच्या माहेरची मंडळी मात्र चहाच्या वाफेतून पाहिल्यासारखी.

"तुमची माणसं बरी स्पष्ट आली!"

"तुझी हलली असतील."

"अहो, नऊच्या नऊ? एकदम?"

नाचता येईना अंगण वाकडं असं कुणी म्हणू नये म्हणून मी सरळ अंगणच शोधलं. छत्रपती संभाजीनगरात त्याला तोटा नाही. आझमशहाने आईसाठी, दिलरस बानूसाठी, बांधलेला बीबी का मकबरा. लोक त्याला ताजमहालाची नक्कल म्हणून हिणवतात. मला काय, दोन्ही बाजू सारख्या असल्याशी मतलब. कारंज्यांच्या रांगेत बरोब्बर समोर उभं राहिलं की पुढचे दोन मिनार सारख्याच अंतरावर. डावा कोरल्यासारखा आला, उजवा पुसट.

आता दोष लेन्सचा, की माझ्या तिरकं उभं राहण्याचा? त्याला युक्ती आहे. जागा न सोडता कॅमेरा उलटा धरायचा. तरीही उजवाच मिनार पुसट आला तर फोटो काढणारा वाकडा. डावा आला तर लेन्स वाकडी. मी कॅमेरा उलटा करताच एक गृहस्थ कळवळून म्हणाले, "साब, उल्टा पकडा है."

"मालूम है."

त्यांनी आपल्या मुलांना माझ्यापासून जरा लांब नेलं.

डावा मिनार पुसट झाला! मी निर्दोष!

हा आनंद दुरुस्तीवाल्याच्या दुकानापर्यंत टिकला. "आतलं एक भिंग सरकलंय," तो म्हणाला. "वाइड अँगलला केसभराचा फरकही चालत नाही. छिद्र बारीक ठेवलं असतं, एफ अकरावर, तर बरंचसं झाकलं गेलं असतं. पडली होती का?"

"छे!"

"अहो, मग दौलताबादच्या पायऱ्यांवरून टणटणत काय गेलं होतं?" ही म्हणाली.

तेव्हा मी 'पाण्याची बाटली' असं सांगितलं होतं.

लेन्स दुरुस्त झाली. दिवाळीत सगळ्यांना पुन्हा उभं केलं. अगदी उजव्या कडेला बसलेल्या हिच्या आत्याबाई तेवढ्या नव्हत्या. त्या श्रावणातच गेल्या. नवा फोटो काठोकाठ स्वच्छ आहे. पण भिंतीवर हिने लावलाय तो जुनाच. आत्याबाईंचा दुसरा फोटो कुणाकडेच नाही. पांढऱ्या पातळाचा एक पुंजका, आणि अगदी जवळ गेलं तर त्यात हसू.

येणारा-जाणारा विचारतो, "हा फोटो असा कसा हो?"

"माझ्या हातून लेन्स पडली होती," मी सांगतो.