मी पूल बांधतो

गेल्या दोन पावसाळ्यांत मी अकरा पूल बांधले. एकालाही चुना लागला नाही की टेंडर काढावे लागले नाही. लोणावळ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊकच असेल, की आषाढात इथल्या पेन्शनर माणसाला घरात बसून काही ना काही उद्योग शोधावाच लागतो. कोणी पत्ते कुटतो, कोणी पारायणाला बसतो. मी संगणकावरच्या आगगाडीच्या खेळात बोरघाट रचीत बसतो. घरातली मंडळी याला भिंतीला तुंबड्या लावणे म्हणतात. म्हणोत बापडी!

हा खेळ मायक्रोसॉफ्टने २००१ साली काढला, आणि आपला रेल्वेमार्ग आपणच आखावा अशी अवजारेही त्यासोबत दिली. आता हौशी लोकांनी केलेल्या ‘ओपन रेल्स’ या फुकटच्या प्रणालीवर तेच जुने मार्ग चालतात. डोंगर मात्र आभाळातून येतात. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने रडारने पृथ्वीची उंची-सखली मोजली. ते आकडे कोणीही उतरवून घ्यावेत. मीही घेतले, आणि सगळा मावळ माझ्या टेबलावर येऊन बसला. पण या मोजणीत ठरावीक अंतरावर एकेकच उंची मिळते, त्यामुळे कड्यांची धार जाते. आपली नागफणी, जिला साहेब ड्यूकचे नाक म्हणत असे, ती माझ्याकडे चांगलीच नकटी निघाली.

रूळ टाकले की जमिनीला हुकूम सोडायचा. ती बिचारी लगेच वर येते किंवा खाली बसते; भराव आणि खोदकाम एका बोटासरशी. दरीपाशी मात्र हा हुकूम द्यायचा नाही, दिलात तर दरीच बुजेल. तिथे रूळ अधांतरी सोडायचे आणि खालून पूल सरकवायचा. ऐकायला सोपे वाटते. पण पुलाचे तुकडे ठरावीक लांबीचे, आणि घाटाचा सर्वांत कडक चढ सदतिसास एक. म्हणजे शंभर मीटरला जवळजवळ पावणेतीन मीटर. प्रत्येक तुकडा तेवढाच कलता केला नाही तर सांध्याला पायरी दिसते. पूल नीट बसला, तरी उताराकडच्या खांबांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, पाण्याला भिणाऱ्या पोरासारखे वर उचललेले राहतात. एका खांबापायी माझी अख्खी नागपंचमी गेली.

आणि गंमत ही, की गाडीला या पुलाची काही गरजच नसते. ती रुळांच्या हिशेबावर चालते. खाली दगड असो वा पोकळी, ती खुशाल धडधडत जाते. पूल केवळ बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी.

खऱ्या घाटाला ही चैन नव्हती. १८५८ साली पुण्याहून गाडी खंडाळ्यापर्यंत आली आणि कड्यापाशी थांबली. पुढे खोपोलीपर्यंत पालखी, तट्टू नाही तर बैलगाडी. तो तुकडा जोडून घाट सुरू व्हायला एप्रिल १८६३ उजाडला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर माणसे कामावर होती. पटकीने किती गेली, कड्यावरून किती घसरली, त्यांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत. कंत्राटदार ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि कंत्राट त्याच्या बायकोने, ॲलिसने, पुढे चालवले. मुख्य इंजिनियर बर्कलेही घाट पुरा झालेला पाहायला उरला नाही. एवढे करून, इंग्रजी दप्तरात म्हौ-के-मल्ली अशा चमत्कारिक नावाने नोंदलेला पूल १८६७ च्या जुलैत, ऐन पावसात, कोसळला.

हे सारे मी पुस्तकांतून वाचले. दादाला ते निराळ्या वाटेने ठाऊक आहे. दादा, माझा थोरला भाऊ, याच घाटात कितीतरी वर्षे गाड्या चालवीत असे. दोन वर्षांपूर्वी त्याची डावी बाजू गेली. जिना उतरणे सुटले, मग हळूहळू बोलणेही. डॉक्टर म्हणाले, मन कशात तरी गुंतवा. मी त्याची खुर्ची संगणकासमोर ओढली.

पहिल्या दिवशी त्याने नुसते पाहिले. दुसऱ्या दिवशी उजवा हात पुढे केला. मी अजून सिग्नल बसवलेले नव्हते, तरी उताराला प्रत्येक कॅच सायडिंगपाशी तो गाडी पुरती थांबवी, मनाशी काही मोजी आणि मगच सोडी. ठाकूरवाडीच्या पुढे एक दरी मी तशीच ठेवली होती. रूळ होते, पूल नव्हता. तिथे गाडी आली आणि दादाने ब्रेक लावला.

“जाऊ दे की,” मी म्हटले. “या खेळात पडत नाही ती.”

“पूल नाहीय,” दादा म्हणाला. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ होते. “तुझी नसेल पडत. माझ्या मागे माणसं बसलीत.”

मी पुष्कळ समजावले. तो हँडलवरचा हात काढीना. चहा आला, निवून गेला, गाडी आपली दरीच्या तोंडाशी उभी. बाहेर खऱ्या घाटात एक मालगाडी शिटी देत गेली, तिकडेही त्याने लक्ष दिले नाही.

मग रात्री बसून मी पूल घातला, सहा कमानींचा. सकाळी दादाने तो खालून दाखवायला लावला. एकेक खांब पाहिला, तिसऱ्याचा पाया आणखी खोल घ्यायला सांगितला. जुना अमृतांजन पूल, जो एप्रिल २०२० मध्ये पाडला, तो मी माझ्या घाटात उभा ठेवला आहे; तो पाहून मात्र तो हसला. तोंड अजून एका बाजूला ओढते, तरी हसूच होते ते.

“आता पाऊस लाव,” तो म्हणाला.

मी खेळातला पाऊस सुरू केला. दादाने गाडी सोडली, माणूस चालेल एवढ्या वेगाने. शेवटचा डबा कमानीवरून उतरेपर्यंत दोघेही बोललो नाही.

“नागनाथकडचं कधी घेतोयस?” त्याने विचारले.