पाणी आणि पानी

‘सैराट’मधली (२०१६) आर्ची समोरच्याला दटावते, मराठीत कळत नसेल तर इंग्लिशमध्ये सांगू का म्हणून. थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. करमाळ्याकडच्या ठसक्यात बोलणारी ही पाटलाची पोर. गावात तिच्या बोलीलाच वजन आहे, इंग्लिश म्हणजे नुसता वरचा तुरा. पण हैदराबादला तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत पोचल्यावर तिचा आवाज एकदम खाली येतो. तोंड तेच, ऐकणारे बदलले.

मी गणपतीपुळ्याचा. आमच्याकडे दोन खोल्या पर्यटकांना देतात. मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या गाड्या अंगणात लागतात. आई पाहुण्यांना सांगते, “पाणी तापलंय, आंघोळी करून घ्या.” आणि मागच्या दारी मावशीला फोनवर म्हणते, “आज पानी नाय आलं गो.” ओटीवर ‘ण’, मागच्या दारी ‘न’.

पाहुणे मुलाशी इंग्लिशमध्ये बोलतात, आपसांत मराठीत, ड्रायव्हरशी हिंदीत. कुठेच अडखळत नाहीत. ड्रायव्हरला ते हिंदीतून ‘पानी’ म्हणतात, ते चालतं. तोच शब्द आईच्या मराठीत आला की गावंढळ! म्हणून आई ‘ण’च्या आधी किंचित थांबते. ते थांबणं मला ऐकू येतं. पुण्याला कॉलेजात गेल्यावर आठवड्याभरात माझ्या ‘नाय’चं ‘नाही’ झालं. कोणी सांगितलं नव्हतं.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) बघताना हेच थांबणं सिनेमाभर जाणवत राहतं. बचावाचे वकील व्होरा सुखवस्तू गुजराती घरातले. मराठी जमत नाही, हिंदीत किंवा इंग्लिशमध्ये बोला, असं ते सहज सांगतात आणि कोर्ट त्यांच्यासाठी वळतं. सरकारी वकील बाई लोकलमध्ये साडीवर मराठीत गप्पा मारतात, पण कोर्टात कायद्याची इंग्लिश कलमं एका दमात वाचून काढतात. आणि ज्याच्यावर खटला आहे तो शाहीर नारायण कांबळे? मंचावर त्याची मराठी पेटलेली असते. इथे तो विचारलं तेवढंच बोलतो.

गरीब माणूस दाखवायला झोपडी लागतेच असं नाही. कोण कोणासाठी भाषा बदलतंय एवढं बघितलं तरी पुरतं.

आमच्या रत्नागिरीचंच बघा. पुलंच्या अंतू बर्व्याचं तिरकस बोलणं म्हणजे साहित्य. त्याच मातीतल्या कुणबी, भंडारी, खारव्यांच्या ‘पानी’ला पडद्यावर बहुतेक वेळा काम मिळतं ते गड्याचं, नाहीतर हसवायचं. आर्चीच्या बोलीला ‘सैराट’ने नायिका दिली, तेव्हा महाराष्ट्रभर पोरी तशा बोलायला लागल्या. म्हणजे अडचण कानांची नव्हती, ऐकवणाऱ्यांची होती.

मला असा एक सिनेमा बघायचाय, ज्यात डॉक्टरीणबाई पेशंटला सरळ म्हणेल, “पानी उकळून पी गो बाय.” आणि थिएटरात कोणीही हसणार नाही.