चोर्ल्याची वाट आणि उंच आसनाची गाडी

माझ्या आईचे माहेर गोव्यातील दिवाडी बेटावर, पिएदाद या गावी. आणि सासर येथे, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या रस्त्यालगत. दोहोंमध्ये सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांचे अंतर, एक घाट आणि एक नदी. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गेली चार वर्षे तिला माहेरी जाता आले नव्हते. बसची पायरी तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. गावातल्या ट्रॅक्सगाडीत बसावयाचे तर दोघांनी तिला वर चढवावे लागते. आणि ठेंगण्या मोटारीत बसावयाचे तर वाकून अंग आत टाकावे लागते व उतरताना पुन्हा दोघांनी हात धरून ओढावे लागते. "पोत्यासारखी मला उचलू नका," असे ती एकदा म्हणाली, आणि त्यानंतर माहेरचे नावच तिने काढले नाही. या पावसाळ्यात मात्र मामांनी अंथरूण धरल्याचा निरोप आला. मामा तिच्या पाठीवरचे. तिच्याहून चार वर्षांनी धाकटे. तो निरोप ऐकल्यापासून ती ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत राही.

माझा मुलगा पुण्यास नोकरीस आहे. त्याच्या मनात घरी एक मोटार घ्यावयाची आहे, आणि तीही आजकाल जिला मध्यम आकाराची क्रॉसओव्हर एसयूव्ही म्हणतात तशी. साठविलेले थोडे पैसे आणि वर दहा लाखांचे कर्ज, असा त्याचा बेत. धाकटी मुलगी परिचारिकेच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षास आहे. तिची फीही त्याच पगारातून जाते. फोनवर तो म्हणाला, "पप्पा, घ्यावी की नको, ते तुम्ही सांगा." वाचकहो, मी जन्मात एक सायकल आणि एक स्कूटर याखेरीज दुसरे वाहन विकत घेतले नाही. तेव्हा मत देण्यापूर्वी वस्तू पाहावी, आणि जमल्यास त्याच फेरीत भावाबहिणीची भेटही घडवावी, या विचाराने बेळगावच्या पुतण्याला त्याची तसलीच गाडी तीन दिवसांसाठी मागितली. तो स्वतःच चालवावयास आला. गाडीचे नाव येथे लिहीत नाही. या जातीच्या साऱ्या गाड्यांचे गुणदोष उन्नीस-बीस सारखेच असतात.

प्रथम ही जात कोणती ते सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे उंच दिसणाऱ्या प्रत्येक गाडीस लोक जीप म्हणतात. खऱ्या जीपला खाली लोखंडी सांगाडा असतो व त्यावर वरची पेटी बसविलेली असते. बोलेरो किंवा पूर्वीची सुमो याच घडणीच्या. क्रॉसओव्हरला असा वेगळा सांगाडा नसतो. साध्या मोटारीप्रमाणे तिचे सारे अंग एकसंध असते, केवळ बैठक उंच केलेली आणि चाके मोठी. बहुतेकींची पुढचीच दोन चाके ओढतात. म्हणून ती हमरस्त्यावर जीपहून मऊ चालते, आणि चिखलाच्या शेतवाटेत जीपसारखी निघेल या भरवशावर राहू नये. टोयोटाची १९९४ ची आरएव्ही-४ ही या जातीच्या आरंभीच्या गाड्यांपैकी एक. आपल्या देशात २०१२ मध्ये डस्टर व २०१५ मध्ये क्रेटा आली, आणि तेव्हापासून मध्यमवर्गीय घरांत हिचे वेड लागले. क्रेटाची लांबी सुमारे ४.३ मीटर. गंमत अशी की ज्या ॲम्बेसेडरला आपण अवाढव्य म्हणत असू, तिची लांबीही जवळजवळ एवढीच होती! रुंदीत मात्र नवी गाडी सुमारे पाच इंचांनी जास्त भरते. हे पाच इंच पुढे दिवाडीच्या गल्लीत आम्हांस आठवले.

निघावयाच्या दिवशी सकाळी गाडी अंगणात उभी राहिली. आई काठी टेकीत आली, दाराशी पाठमोरी झाली, आणि आसनावर नुसती बसली. मग तिने एकेक पाय आत घेतला. कोणी हात दिला नाही, तिनेही मागितला नाही. आसनाची उंची बरोबर तिच्या कमरेखाली येत होती. वाकणे नाही की चढणे नाही. सून डबा हातात घेऊन पाहत होती, ती पाहतच राहिली. हा एक गुण मी मुलाला कळवावयाच्या वहीत पहिल्या ओळीत लिहिला, आणि खरे सांगावयाचे तर पुढे जे जे दोष लिहिले ते सगळे या एका ओळीशी झुंजत राहिले.

जांबोटी मागे पडले की झाडी दाट होत जाते. कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेस मिळते. आमच्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरते, गोव्यात मांडवी होते आणि दिवाडीस वळसा घालून समुद्राला मिळते. आई लहानपणी जिच्या काठी खेळली त्या नदीचे पाणी तिच्या सासरच्या तालुक्यातून येते, हे तिला मी पूर्वी अनेकदा सांगितले आहे. या खेपेसही सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे पाण्याला वाट सापडली, माझीच अडली होती."

चोर्ल्यास कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र यांच्या सीमा एकमेकींस भिडतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरून रस्ता एकदम केरीकडे उतरू लागतो. येथे उंच बैठकीची दुसरी बाजू कळली. उंच बसल्याने वळणापुढचा रस्ता लवकर दिसतो, हे चांगले. पण गाडीचा भारही उंचावर असल्याने प्रत्येक वळणावर ती बाहेरच्या अंगास झुकते. मागच्या आसनावर मधोमध बसलेल्या नातीला तिसऱ्याच वळणावर मळमळू लागले. तिला खिडकीशी घेतले, समोर दूर पाहावयास सांगितले, तेव्हा थोडे निभावले. मधल्या माणसाच्या पायांखाली उंचवटा असतो आणि आसनही तेथे कठीण असते. पाच माणसांची गाडी म्हणून विकतात खरे, पण घाटात ती चार मोठी आणि एक मूल यांचीच समजावी.

पुतण्याच्या गाडीचे गिअर आपोआप पडणारे आहेत. तो पुण्या-बेळगावच्या सपाट रस्त्याचा सरावलेला. सारा घाट त्याने ब्रेकवर पाय ठेवून उतरविला. अंजुणे धरणाचे पाणी झाडांतून दिसू लागले तेव्हा चाकांकडून जळल्याचा वास आला. आम्ही थांबलो. चूक गाडीची नव्हती. आपोआप गिअर पडणाऱ्या गाडीसही उतारावर खालचा गिअर हाताने द्यावा लागतो, म्हणजे इंजिनच तिला मागे ओढून धरते व ब्रेक तापत नाहीत. रिकामी गाडीच बाराशे-तेराशे किलोंची. त्यात पाच माणसे, तांदळाचे पोते आणि आईने भावासाठी घेतलेली रताळी. एवढा भार सातशे मीटर खाली आणावयाचा तो केवळ ब्रेकच्या घर्षणावर आणू नये. अर्धा तास सावलीत थांबून चाके निवल्यावर आम्ही निघालो. पुतण्या नंतर बराच वेळ गप्प होता.

सांखळी, डिचोली करीत आम्ही नार्वे येथे पोहोचलो. मूळ दिवाडीवर असलेल्या सप्तकोटेश्वराचे देऊळ आता याच गावी आहे; १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करविला. तेथून फेरीबोटीने दिवाडीवर जाता येते. फेरीचा लोखंडी उतार काठाला टेकतो तेथे भरती-ओहोटीप्रमाणे कधी खाच तर कधी चढ होतो, आणि ठेंगण्या मोटारीचे पोट तेथे हमखास घासते. आमच्या गाडीचे पोट जमिनीपासून एक वीतभर उंच. ती अलगद चढली. आईने खिडकीची काच खाली केली, आणि नदी ओलांडून होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

दिवाडीवर शेतांमधून जाणारा रस्ता सरळ आणि सुंदर आहे. पुढे पिएदादची टेकडी व तिच्या माथ्यावरचे पांढरे चर्च दिसते. तेथून मांडवीपलीकडे जुने गोवे नजरेस पडते. ते पाहावयास मुले दुसऱ्या दिवशी चढून गेली. आम्हांस वळावयाचे होते मामांच्या गल्लीत. दोन्ही बाजूंस जांभ्या दगडाच्या जुन्या भिंती, आणि घराच्या साठेक पावले अलीकडे काटकोनात वळण. पुतण्याने आरसे मिटले, पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. भिंतीवरून शेजाऱ्यांची तीन डोकी वर आली आणि प्रत्येकाने वेगळा सल्ला दिला. शेवटी मी उतरून छत्रीने मोजले. गल्ली अडीच छत्र्या रुंद. गाडी आरशांवाचून दोन छत्र्या, आणि लांब पावणेपाच छत्र्या. सरळ जाण्यापुरती वाट होती, वळण्यापुरती नव्हती. जिच्यासाठी ही सारी खटपट, तिलाच घर समोर दिसत असताना रस्त्यात उतरावे लागणार!

शेजाऱ्याची एक जुनी मारुती ८०० होती. तिची लांबी ३.३ मीटर व रुंदी १.४४ मीटर, ती त्या वळणातून रोज मांजरीसारखी जाते. शेजारी आईस नेण्यासाठी ती घेऊनही आले. आईने त्या ठेंगण्या आसनाकडे पाहिले, आणि "देव तुमचे भले करो, पण मी चालते," म्हणाली. साठ पावलांना तिला पाव तास लागला. मामांना उशीला टेकवून बसविले होते. भावाबहिणींचे काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. सुनेने दार लोटून घेतले होते.

परतीच्या वाटेवर जमाखर्च मांडला. जाऊन-येऊन आणि मध्ये एकदा पणजीस मिळून २१२ किलोमीटर झाले, पेट्रोल १५.७ लिटर लागले. म्हणजे लिटरला साडेतेरा किलोमीटर. कंपन्या सांगतात तो आकडा चाचणीतला असतो. घाट, पाच माणसे आणि वातानुकूलन यांपुढे तो टिकत नाही. हायब्रिड म्हणून विजेची मोटर जोडलेली एक तऱ्हा आहे. तिचा चाचणीचा आकडा २७ च्या वर जातो, गर्दीच्या शहरात ती खरोखर काटकसरी ठरते. पण किंमत लाख-दोन लाखांनी चढते आणि बॅटरीमुळे डिकीतली जागा कमी होते. आमच्या तांदळाच्या पोत्याचे काय करावे, हा प्रश्न तेथे येतो.

किंमत दहा-अकरा लाखांपासून वीस लाखांपर्यंत. त्यावर कर्नाटकाचा वाहनकर, जो दहा ते वीस लाखांच्या गाडीस १७ टक्के आहे. गोव्यात तो कमी म्हणून गोव्याचा क्रमांक लावावा, असे सुचविणारे शहाणे सीमाभागात पुष्कळ भेटतात. पण गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली की तेथे तिची नव्याने नोंदणी करावी लागते, असा कायदा आहे. त्या वाटेस जाऊ नये. दहा लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता सुमारे १६,००० रुपये, आणि शेवटी फेड साडेतेरा लाखांची होते. विमा, टायर व दुरुस्ती निराळी. आणि ही गाडी महिन्यातून किती वेळा निघेल? खानापूरच्या बाजाराला स्कूटर पुरते. मुलीच्या फीचा विचार मनात येतो तेव्हा मला ती गाडी अंगणात उभी राहून आमच्या ताटातले खाताना दिसते.

म्हणून मुलास मी असे लिहिले आहे. आसन उंच हवे, हे कबूल. पण तेवढ्यासाठी सव्वाचार मीटरांच्या पुढे जाण्याचे कारण नाही. याच घडणीच्या, चार मीटरांच्या आतल्या गाड्या मिळतात; नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट ही त्यांतली नावे. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांच्या आतील व १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीस जीएसटी १८ टक्के आहे, तर मोठीस ४० टक्के. लांबी कमी पण पेट्रोलचे इंजिन १२०० च्या वर, अशी गाडी घेतली तर ४० टक्केच लागतात. हे दुकानदाराने आपण होऊन सांगितले नाही तरी आपण विचारावे. मागे तीन मोठी माणसे दाटीने बसतील, डिकी लहान मिळेल, आणि घाटात इंजिन थोडे धापा टाकील. रुंदीत मात्र फारसा फरक नाही, म्हणून मामांच्या वळणावर ही तरी जाईल असे वचन मी देत नाही; एका हाताने लांबी कमी झाल्याने कदाचित जाईल. कोणतीही घेतली तरी भारत एनसीएपीच्या अपघात-चाचणीत तिला किती तारे मिळाले ते पाहावे आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा. कर्ज चार लाखांवर जाता कामा नये. तेवढ्यात बसत नसेल तर एक वर्ष थांबावे, आणि तोवर दर तीन महिन्यांनी अशी गाडी भाड्याने करून आईस दिवाडीस न्यावे. त्या भाड्यासाठी महिन्याचा एक हप्ताही लागणार नाही.

थांबण्याची सूचना आईपुढे बोललो नव्हतो, तरी तिने ती ऐकली असावी. परतल्याच्या संध्याकाळी, पुतण्या गाडी घेऊन निघण्यापूर्वी, ती काठी घेऊन अंगणात उतरली. उघड्या दाराशी तिने काठी उभी धरली आणि आसन जेथवर येत होते तेथे नातीकडून पांढरा दोरा गाठवून घेतला. "कोणतीही आणा, कितीला आणा, ते तुमचे तुम्ही पाहा," ती म्हणाली, "पण हे माप चुकवू नका."

मुलगा नाताळास येईल तेव्हा ती काठी घेऊन आम्ही बेळगावच्या दुकानांत जाणार आहोत.