शेंगदाण्यांची पिशवी

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आपल्यापैकी पुष्कळजण त्रिमूर्तींच्या दर्शनाला जातात, तेथून कान्हेरी लेण्यांकडे वळतात. निसर्ग माहिती केंद्रात मात्र क्वचितच कोणी डोकावते. गेल्या हिवाळ्यात सासूबाईंसह मी तेथे तासभर रमले. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे अरण्य. त्यातच मुंबईला पाणी पुरवणारे तुळशी व विहार तलाव, आणि भोवती दाट लोकवस्ती. वस्तीच्या कडेला बिबटे भटक्या कुत्र्यांवरही गुजराण करतात, हे ऐकून सासूबाई थबकल्या.

त्यांच्या हातात माकडांसाठी आणलेली शेंगदाण्यांची पिशवी होती. ती पाहून तेथील कर्मचारी नम्रपणे म्हणाला, "आजी, येथे प्राण्यांना खाऊ घालण्यास मनाई आहे."

सासूबाई दुखावल्या. रोज पहाटे पाखरांना दाणे घालणाऱ्या त्या, जीवदयेलाच मनाई? त्याने शांतपणे समजावले : आयते मिळू लागले की माकडे रानातली फळे-पाने सोडून रस्त्यावर येऊन बसतात, वाहनांखाली सापडतात, मुलांच्या हातातले हिसकावतात, प्रसंगी चावतात; मग हीच माणसे त्यांना दगड मारतात.

मला त्याचे म्हणणे पूर्णपणे पटले. दान देणाऱ्याचे समाधान आपण जपतो, घेणाऱ्याच्या खात्यावर काय जमा झाले ते पाहत नाही. आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या वह्या लिहिणाऱ्या घरांत!

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अभयदान सर्वांत श्रेष्ठ, असे महाराजसाहेब सांगतात. ते असे रिकाम्या हाताने द्यायचे असते होय?"

झाडावरून दोन माकडे खाली सरकली. त्यांनी पिशवी पदराआड घेतली.