ढिम्म काटा

एडिसन, न्यू जर्सी. रात्रीचे साडेअकरा. तळघरातला ड्रायर जेवणाआधीपासून घरघरतोय आणि आतले टॉवेल अजून गारढोण. दार उघडलं की थांबतो, म्हणजे दाराचा स्विच ठीक. 'टाइम्ड'वर काटा सरकतो, 'ऑटो'वर मात्र ढिम्म. मग ट्यूब पेटली: या जुन्या यंत्रात हवा पुरेशी तापून हीटर बंद झाला, तरच काटा पुढे जातो. हवाच तापत नसेल तर बिचारा ड्रायर फिरत राहणारच! मोटरला 120 व्होल्ट पुरतात, हीटरला 240 लागतात. दोन फ्यूजपैकी एक उडाला होता.

आईला फोन केला. तिकडे सकाळ. "दोरी बांध की रे," म्हणाली. बांधली. फ्यूज उद्या आणेन.