मठ, मद्य आणि नवे बूट

ज्या सिनेमामुळे मी एबरबाखला गेले, त्याचा वाइनशी काहीच संबंध नव्हता. कॉलेजात असताना फिल्म क्लबमध्ये ‘द नेम ऑफ द रोज’ पाहिला होता. शॉन कॉनरी मठवाशाचा झगा घालून खुनांचा छडा लावतो. खुनी कोण हे मी केव्हाच विसरले, पण त्या गार, उंच दगडी कमानी काही डोक्यातून गेल्या नाहीत. मठाचं बाहेरचं रूप म्हणजे रोमजवळ उभारलेला सेट होता. आतली बरीच दृश्यं मात्र जर्मनीतल्या एबरबाखच्या खऱ्या मठात चित्रित झाली, हे पुढे वाचनात आलं. त्यामुळे फ्रँकफर्टचा मावसभाऊ जेव्हा म्हणाला, “ताई, ऱ्हाइनगाऊला जाऊ, वाइन चाखायला,” तेव्हा मी आधी नकाशा उघडला. एबरबाख वाटेतच होतं. तो गाडी चालवणार आणि मी चाखणार, असं ठरलं.

त्याच्या घरी पाहुण्यांची गर्दी असल्यानं माझी रवानगी माइन्झमधल्या एका स्वस्त हॉटेलात झाली होती. माळ्यावरची खोली, उतरतं छत. उठलं की कपाळमोक्ष ठरलेला. सकाळच्या न्याहारीचा पाव इतका कडक की तोही मध्ययुगातलाच असावा. माइन्झ म्हणजे गुटेनबर्गचं गाव, पण त्याच्या पुतळ्याला गाडीतूनच नमस्कार केला. एल्टव्हिलचा नदीकाठचा बुरूज आणि गुलाबही तसेच मागे पडले.

एबरबाखचा मठ डोंगराच्या कुशीत, रानाच्या कडेला आहे. क्लेअरव्होच्या बर्नार्डनं ११३६ साली पाठवलेल्या सिस्टर्शियन मठवाशांनी तो वसवला. हा पंथ कडक. बाराव्या शतकातलं त्यांचं चर्च पाहिलं की ते कळतं. चित्रं नाहीत, कोरीव काम जवळजवळ नाही, नुसता दगड आणि उजेड. मठवाशांची शयनशाळा सत्तर मीटरहून लांब आहे. माझ्या कमानी तिथं भेटल्या, आणि मी मान वर करून उभी असतानाच आमच्या गाइडनं घसा खाकरला.

गाइड उत्साही होता, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल. त्याचं म्हणणं असं : रोमन साम्राज्य कोसळल्यावर युरोपातली द्राक्षशेती मठवाशांनी वाचवली, ते उतारा-उतारावरची माती जिभेवर ठेवून पाहत आणि मग वेल लावत. ही माती चाखण्याची गोष्ट फ्रान्समध्ये बर्गंडीतही सांगतात. गोष्ट फार गोड आहे, म्हणूनच मला तिचा संशय येतो.

याबाबतीत माझा गुरू रोजे दियाँ. या फ्रेंच भूगोलतज्ज्ञानं १९५९ साली फ्रान्समधल्या द्राक्षवेलीचा आणि वाइनचा जाडजूड इतिहास लिहिला. त्याचा मुद्दा असा की उत्तम वाइनचे प्रदेश मातीनं घडवलेले नाहीत. ते घडवले नदीनं, बंदरानं आणि पैसेवाल्या गिऱ्हाइकानं. माल जिथून बाजारात सहज पोचतो, तिथं माणूस दगडावरही वेल चढवतो. दियाँ लिहितो फ्रान्सबद्दल, पण एबरबाख त्याच्या बाजूनं साक्ष देईल. या मठाच्या स्वतःच्या नावा होत्या. डोंगरावरची पिंपं ऱ्हाइनकाठच्या राइखार्ट्सहाउझेनला उतरवून नावांत चढवत आणि थेट कोलोनला नेत. कोलोनमध्ये मठाची स्वतःची पेढी होती, आणि वाटेतल्या कित्येक नाक्यांवर मठाच्या मालाला जकात माफ. ही सवलत मातीच्या चवीतून येत नाही. ती राजे आणि बिशप यांच्याशी असलेल्या घसटीतून येते.

पण दियाँशीही माझं पुरतं जमत नाही. नदी तर सगळ्यांचीच होती, काठावरच्या शेतकऱ्यांचीही. मग मठच का वरचढ ठरला? मला वाटतं, मठ मरत नाही म्हणून. शेतकरी मेला की पोरांत वाटण्या होतात. मठाला पोरं नाहीत. पिढ्यानपिढ्या सातबाऱ्यावर एकच नाव. दान आलेली, विकत घेतलेली, अदलाबदल केलेली जमीन एकत्र राहते आणि मागच्या शंभर वर्षांचे हिशेबही एका कपाटात सापडतात. मठाजवळचा श्टाइनबर्ग मळा त्याचा पुरावा. अठराव्या शतकात त्याच्याभोवती सुमारे तीन किलोमीटरची भिंत घातली गेली. १८०३ साली मठ बरखास्त झाला, तेव्हा मळा सरकारनं अखंडच घेतला. आजही तो हेसे राज्याच्या वाइनरीचा आहे. बर्गंडीतलं क्लो द व्हूजो हेही सिस्टर्शियनांचंच कुंपण, सुमारे ५० हेक्टरचं. फ्रेंच क्रांतीनं ते जप्त करून विकलं, आणि आज तिथं ऐंशीच्या आसपास मालक आहेत. भिंत तीच, दगड तेच.

हे सगळं मावसभावाला समजावत आम्ही श्रमकरी बंधूंच्या भोजनशाळेत शिरलो, आणि तिथं माझं बोलणं आणि वेळापत्रक दोन्ही थांबलं. ओळीनं लाकडी दाबयंत्रं उभी आहेत, सतराव्या शतकापासूनची. एकेक तुळई झाडाच्या खोडाएवढी, माणसांच्या बळावर चालणारी. सिस्टर्शियनांत दोन वर्ग होते. प्रार्थना गाणारे, लॅटिन जाणणारे मठवासी, आणि व्रत घेतलेले पण बहुतेक निरक्षर असे कन्व्हर्सी, म्हणजे शेतात आणि तळघरात राबणारे श्रमकरी बंधू. त्यांची भोजनशाळा वेगळी, शयनशाळा वेगळी, चर्चमधली जागासुद्धा मागची. कपाटातले ते हिशेब मठवाशांच्या हातचे. त्या हिशेबांमागची पाठ यांची.

एबरबाखचाच कोनराड नावाचा मठवासी पुढे इथला मठाधिपती झाला. सिस्टर्शियनांच्या आरंभकाळाचा मोठा ग्रंथ त्याचा. त्यात एबरबाखची शाखा असलेल्या श्योनाऊ मठातली एक हकिकत आहे. मठवाशांना नवे बूट मिळतात तसे आपल्याला मिळत नाहीत, म्हणून तिथले कन्व्हर्सी बिथरले आणि मठवाशांचे बूट फाडून टाकायचा त्यांनी बेत केला. बेत तडीस जाण्याआधीच पुढारी अचानक मेला, आणि कोनराडला त्यात देवाचा न्याय दिसला. मला दिसले चिखलानं भरलेले, फाटक्या चामड्याचे पाय. द्राक्षमळ्याचा उतार चढून पाहा, मग बुटांची किंमत कळते.

तळघरातल्या एका राक्षसी पिंपाची गोष्टही याच वळणाची. सुमारे १५०० साली केलेल्या या पिंपात ७० हजार लिटरच्या आसपास वाइन मावे. १५२५ च्या शेतकरी बंडात ऱ्हाइनगाऊच्या बंडखोरांनी मठाजवळच तळ ठोकला आणि ते पिंप जवळजवळ संपवलं. गाइडनं हे विनोद म्हणून सांगितलं. मला ती थकलेल्या मजुरीची वसुली वाटली.

“ताई, चाखायचंय ना?” मावसभावानं घड्याळ दाखवलं. श्टाइनबर्गची कोरडी रीसलिंग आधी जिभेला चिमटा काढते, मग हिरव्या सफरचंदासारखी उमलते आणि शेवटी ओल्या पाटीच्या दगडाची चव ठेवून जाते. सिस्टर्शियन पाळत त्या संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत वाइन संन्याशाला शोभत नाही असं म्हणून लगेच रोजचं माप ठरवून दिलंय. त्या तडजोडीचं मर्म दुसऱ्या घोटाला कळलं.

योहानिसबर्ग घाईतच उरकलं. तिथल्या अंगणात घोडेस्वाराचा पुतळा आहे. हा मठ तेव्हा फुल्डाच्या बिशपच्या ताब्यात होता, आणि १७७५ साली तोडणीची परवानगी आणणारा स्वार उशिरा आला. तोवर द्राक्षं वेलीवरच सडू लागली, आणि त्यातून निघालेली वाइन अफाट गोड निघाली, अशी कथा. पुढे ऑस्ट्रियाच्या सम्राटानं ही जागा आपल्या मंत्र्याला, मेटर्निखला दिली. गर्दी फार होती, आणि फोटोसाठी स्वारापुढं रांग लागली होती.

ऊन कलताना आयबिंगेनला पोचलो. हिल्डेगार्डनं ११६५ साली या गावात मठ काढला होता. वर द्राक्षमळ्यांत दिसणारी इमारत १९०० ते १९०४ दरम्यानची. संगीतकार, वैद्य, द्रष्टी म्हणून हिल्डेगार्डचं नाव आज जगभर आहे. पण आंडरनाखच्या तेंग्सविख नावाच्या मठप्रमुख बाईनं तिच्या आधीच्या मठाबद्दल तिला पत्रातून रोकडं विचारलं होतं, तुमच्या मठात फक्त उच्चकुलीन मुलीच का? हिल्डेगार्डनं उत्तर दिलं, वेगवेगळी जनावरं एकाच गोठ्यात कोण बांधतं? दिवसभर मी बुटांवरून पुरुषांना नावं ठेवत होते. इथं बाईही त्याच रांगेत. आजच्या जोगिणी मात्र स्वतःच मळा सांभाळतात. दुकानात बाटली गुंडाळून देणाऱ्या जोगिणीच्या नखांत माती होती.

परतीच्या वाटेवर मावसभावानं विचारलं, “मग सगळ्यांत कुठली आवडली?”

“जोगिणींची. वेल छाटणारी बाईच तिथं प्रार्थनेत पुढं उभी राहते.”

“तो इतिहास झाला. जिभेनं सांग.”

जिभेनं सांगायचं तर श्टाइनबर्गचीच. कन्व्हर्सींच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या त्या मळ्याची वाइन उजवी होती, आणि माझ्या पिशवीत तिच्या दोन बाटल्या होत्या.