उचलायची सायकल

माणूस सायकलीवर बसतो हे सर्वांनाच ठाऊक आहे. घडीची सायकल मात्र अधूनमधून माणसाच्या हातावर बसते. लंडनमधील नोकरदार ती घरापासून स्थानकापर्यंत चालवतो, तिची घडी घालतो, ती घेऊन जिने उतरतो आणि गाडीत पायांशी ठेवतो. घडी घातलेली सायकल तेथील भुयारी रेल्वेत कोणत्याही वेळी नेता येते. अशा प्रवासासाठी प्रसिद्ध झालेली ‘ब्रॉम्प्टन’ ही सायकल अँड्र्यू रिची या अभियंत्याने १९७० च्या दशकात घडवली. तिची चाके अवघी सोळा इंचांची आहेत.

लहान चाकामुळे पाय अधिक मारावे लागतात, असा एक समज आहे. तो खरा नाही. पुढचे दातेरी चक्र मोठे आणि मागचे लहान ठेवले, की पायडलच्या एका फेरीत लहान चाकही पुरेसे अंतर तोडते. गिअर लागतो तो चढासाठी. स्टर्मी-आर्चर या नावाने ओळखला जाणारा तीन गतींचा जुना गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये दडलेला असतो. मधल्या गतीच्या तुलनेत खालच्या गतीत चाक तीन चतुर्थांशच फिरते. पायाला तेवढा आराम मिळतो, वेग मात्र घटतो.

या सोयीमुळे सायकलीचे वजन किलोभराच्या आतबाहेर वाढते. पासष्ट किलोंचा माणूस बारा किलोंच्या सायकलीवर बसला, तर चढावर त्या किलोचा वाटा एकूण वजनाच्या सत्याहत्तराव्या भागाएवढा. पायांना तो जाणवतही नाही. तीच सायकल हातात घेऊन जिना चढताना तो वाटा बारावा होतो आणि खांदा त्याची नोंद घेतो. म्हणून गिअर घ्यावा की नाही, हे सायकल पाहून ठरत नाही. रोजच्या वाटेवर चढ किती आणि पायऱ्या किती, हे मोजून ठरते.

हलकेपणा विकतही मिळतो. २०२२ मध्ये ब्रॉम्प्टनने टायटॅनियमची सायकल आणली. तिचा सर्वांत हलका, बिनगिअरचा प्रकार ७.४५ किलोंचा होता. किंमत मात्र साध्या पोलादी सायकलीच्या दुपटीहून अधिक. तीन-साडेतीन किलो कमी करण्यासाठी एवढी रक्कम मोजणारा गृहस्थ पुढे त्याच सायकलीला डबा, छत्री आणि कागदपत्रांनी भरलेली पिशवी अडकवतो, तेव्हा त्या व्यवहाराचे नवल वाटते. बेताच्या पगारात गिअर अधिक कामाचा. त्यातही दोन गतींची रचना तीन गतींच्या हबपेक्षा बरीच हलकी असते. वाटेत एखादाच पूल चढायचा असेल, तर ती पुरते.

हॅम्पस्टेडच्या रहिवाशाला मात्र हा हिशेब सहज सुटत नाही. ते गाव टेकडीवर आहे आणि त्या टेकडीमुळेच तेथील भुयारी स्थानक लंडनमध्ये सर्वांत खोल, जमिनीखाली सुमारे ५८ मीटर आहे. तेथे लिफ्ट आहे. ती बंद असेल त्या दिवशी तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत.